उकळत्या पाण्यापासून थंड प्लाझ्मापर्यंत : ऑपरेशनच्या हत्यारांची गोष्ट



आपल्या गटाच्या बैठकीला पंधरा जणी जमल्या, तर त्यांतल्या काही जणींचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतंच. कुणाचं टाके घालून झालेलं असतं, कुणाचं दुर्बिणीतून. दुर्बिणीच्या ऑपरेशनला बेंबीजवळ लहानसं छिद्र पाडतात आणि त्यातून एक बारीक नळी पोटात घालतात. तिच्या टोकाला भिंग आणि उजेड असतो. शिबिरात तीच नळी एकीनंतर दुसरीला वापरायची असते. मग पहिलीचं ऑपरेशन संपलं आणि दुसरीला टेबलावर घेतलं, या मधल्या वेळात त्या नळीचं काय होतं?

हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. विचारायचा असतो, हेही आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. आजच्या भाषणात मी या मधल्या वेळाचा इतिहास सांगणार आहे. हत्यारावरचे जंतू मारायला माणसाने आग वापरली, पाणी वापरलं, वाफ, औषधं आणि किरण वापरले. आता मोठ्या दवाखान्यांत ‘प्लाझ्मा’ नावाची पद्धत आली आहे. हे सगळं बाईच्या जिवाशी कसं बांधलेलं आहे, ते आपण बघू.

आधी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. आपण भांडं घासतो, तेव्हा ते स्वच्छ होतं. त्यावरचे बरेच जंतू निघून जातात, पण सगळे जात नाहीत. ‘निर्जंतुक’ म्हणजे एकही जिवंत जंतू शिल्लक नसणं. जेवायच्या ताटाला स्वच्छ असणं पुरतं. पोटाच्या आत जाणाऱ्या हत्याराला ते पुरत नाही.

या गोष्टीची सुरुवात बाळंतिणींच्या वॉर्डातच झाली. युरोपात व्हिएन्ना शहरात एक मोठं इस्पितळ होतं. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर बाळंतपण करत, दुसऱ्यात सुइणी करत. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. एप्रिल १८४७ मध्ये तिथे शंभरातल्या अठरा जणी गेल्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने कारण शोधलं. शिकाऊ डॉक्टर मढ्याची चिरफाड करून, तेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत होते. सुइणी तसलं काम करत नव्हत्या. त्याने दारात क्लोरीनच्या चुन्याचं पाणी ठेवलं आणि त्यात हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही, असा नियम केला. काही महिन्यांत मरणारींचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं. आपल्या गावच्या विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे तोच क्लोरीनचा चुना. जंतूंमुळे रोग होतात, हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं.

पुढे लुई पाश्चर यांनी जंतूंचं काम दाखवून दिलं. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर या इंग्रज सर्जनने जखमा आणि हत्यारं कार्बोलिक ॲसिडच्या पाण्याने धुवायची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. फिनेलसारखा उग्र वास येतो ना, तसलं हे औषध. १८७९ मध्ये पाश्चर यांचेच सहकारी शार्ल शांबरलां यांनी ऑटोक्लेव्ह तयार केला. ऑटोक्लेव्ह म्हणजे काय, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तो मोठा प्रेशर कुकरच आहे. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं, कितीही लाकडं घाला, त्याच्या वर जात नाही. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की तापमान १२१ अंशांपर्यंत चढतं. उघड्या पातेल्यात तासभर न शिजणारी डाळ कुकरमध्ये शिजते, ती याच एकवीस अंशांमुळे.

हे एकवीस अंश महत्त्वाचे का? काही जंतू अडचणीच्या काळात स्वतःभोवती कवच करून झोपून राहतात. बी जसं कोरड्या मातीत वर्षभर पडून राहतं आणि पाऊस पडला की उगवतं, तसंच हे. धनुर्वाताचा जंतू असाच आहे. तो मातीत असतो, शेणात असतो. त्याचं कवच नुसत्या उकळण्याने फुटेल याची खात्री नाही. कोंडलेल्या वाफेत मात्र तो टिकत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कोल्हापुरात दसरा चौकाजवळ सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, ते आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी पाहिलेलं आहे. संस्थानच्या काळात ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. बायका पुरुष डॉक्टरकडे जायला तयार नसत, त्या दिवसांत शाहू महाराजांनी डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं. त्यांनी याच इस्पितळात बायकांवर उपचार केले.

त्याच काळात प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली साथ पुढे गावोगाव पसरली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी लोकांना घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला लावलं. मुंबई-पुण्यात सरकारने घरं औषधाने धुतली, भिंतींना चुना मारला, गटारांत कार्बोलिक ओतलं. तरी प्लेग हटला नाही. कारण तो भिंतीवरून येत नव्हता, उंदरांच्या पिसवांमधून येत होता. यातून एक धडा मिळाला. जागा निर्जंतुक करण्याचा उपयोग होतो, पण रोग त्या वाटेने येत असेल तरच. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी काही गावांत वेशीवर माणसांच्या अंगावर औषध फवारलं गेलं, तेव्हा केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं की असं करू नका, त्याने अपाय होतो.

प्लेगवरची लस मुंबईतच तयार झाली. वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ती बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था. पण तिच्या इतिहासात एक काळा दिवस आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी परळहून गेलेली लस १०७ जणांना टोचली. त्यातल्या एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वात होऊन मेले.

चौकशी बसली. हाफकिन यांनी लस निर्जंतुक ठेवण्यासाठी कार्बोलिकऐवजी उष्णता वापरायला सुरुवात केली होती. चौकशी करणाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर गेला. हाफकिन यांचं काम काढून घेतलं. पण कागदपत्रं नीट वाचणाऱ्यांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. मुल्कोवालमध्ये बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून घेतला आणि त्याच चिमट्याने बूच काढलं. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू मुंबईपासूनच आत वाढत आले असते, तर घाण वास आला असता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली. शंभर वर्षं झाली, पण तिच्यातला धडा जुना झालेला नाही. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेची काळजी, शेवटच्या माणसाच्या हातातल्या एका चिमट्याने वाया गेली. औषधात बुडवलं म्हणजे निर्जंतुक झालं, असं होत नाही. किती वेळ बुडवलं आणि त्याआधी त्याला काय लागलं होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

तोच धनुर्वात आपल्या घरांतही येत होता. बाळाची नाळ विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, ही रीत अनेक ठिकाणी होती. दोन-तीन दिवस बाळ चांगलं प्यायचं. मग त्याचा जबडा आवळायचा, पिणं थांबायचं, अंग धनुष्यासारखं वाकायचं. आपल्या आज्या त्याला नजर लागली म्हणायच्या, बाहेरचं झालं म्हणायच्या. खरं कारण त्या ब्लेडवर आणि त्या शेणात होतं.

यावर उपाय करताना मुंबईचं नाव पुन्हा येतं. १९७४ मध्ये तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, ‘आयसोमेड’ नावाचा कारखाना सुरू झाला. इथे कोबाल्ट नावाच्या धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणांनी सामान निर्जंतुक करतात. वस्तू पाकिटात बंद करायची, पाकीट खोक्यात भरायचं आणि आख्खं खोकं किरणांसमोरून न्यायचं. किरण पाकिटाच्या आरपार जातात आणि जंतू मारतात. वस्तू गरम होत नाही, तिच्यात किरण राहतही नाहीत. पाकीट फोडेपर्यंत आतलं सामान निर्जंतुक राहतं. सुया, टाक्यांचा दोरा, हातमोजे, कापूस असं सामान इथून गेलं. त्याबरोबर सुइणींसाठी बाळंतपणाच्या सामानाची ‘दाई किट’सुद्धा गेली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा आणि वर काही न लावलेली स्वच्छ नाळ, या पाच गोष्टी सुइणींना शिकवल्या गेल्या. गरोदरपणातली धनुर्वाताची लस, दवाखान्यातली बाळंतपणं आणि या पाच गोष्टी, यांतून २०१५ मध्ये भारताने बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं निर्मूलन केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं.

आता पुन्हा दुर्बिणीकडे वळू. भारतात पोटाच्या आजारांसाठी दुर्बिणीचा वापर मुंबईचे डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ मध्ये सुरू केला. १९९० मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांतही दुर्बीण आली. छिद्र लहान, टाका लहान, बाई लवकर घरी. फायदा मोठा होता. पण एक अडचण तिच्याबरोबरच आली. भिंगं, बारीक चिकटवलेले जोड, उजेडाच्या तारा असलेली दुर्बीण ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत खराब होत असे. किरणांनी काच काळवंडते, आणि ऑपरेशन झालेली दुर्बीण दरवेळी तुर्भ्याला पाठवता येत नाही. विषारी वायूच्या पेटीत ठेवता येते, पण इथिलीन ऑक्साइड नावाचा तो वायू इतका घातक असतो की वस्तूतून तो निघून जायलाच कित्येक तास लागतात.

मग काय करत? ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या औषधात दुर्बीण भिजवत ठेवत. सिस्टर त्याला सायडेक्स म्हणतात. त्यात २० मिनिटं ठेवली तर बहुतेक जंतू मरतात. कवचवाले जंतूही मारायचे, तर दहा तास ठेवावी लागते. शिबिरात दारात तीस-चाळीस बायका उपाशीपोटी बसलेल्या असतात, आणि दुर्बीण असते एक किंवा दोन. दहा तासांचं नाव कोण काढणार? कधी कधी तर वीस मिनिटांनाही कात्री लागते. म्हणूनच सरकारचा नियम आहे की एका डॉक्टरच्या पथकाने दिवसाला जास्तीत जास्त ३० ऑपरेशनं करायची, आणि त्यासाठी तीन दुर्बिणी पाहिजेत.

८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची दुर्बिणीची ऑपरेशनं झाली. त्यांतल्या १३ जणी दगावल्या. कुणी म्हणालं गोळ्यांत विष होतं, कुणी म्हणालं जंतुसंसर्ग झाला. कारणावर वाद झाला. पण ३० च्या जागी ८३, यावर वाद होऊ शकत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की, अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा आणि ही सोय नेहमीच्या दवाखान्यांत द्या.

उष्णता न सोसणाऱ्या अशा हत्यारांसाठीच प्लाझ्माची पद्धत आली. कोरोनात आपण ‘प्लाझ्मा दान’ ऐकलं होतं. तो रक्तातला पातळ भाग. हा प्लाझ्मा वेगळा. बर्फ तापवला की पाणी होतं, पाणी तापवलं की वाफ होते. वायूला विजेचा जोर दिला की त्याचे कण फुटतात आणि तो चमकू लागतो. या अवस्थेला अमेरिकेतल्या अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये प्लाझ्मा हे नाव दिलं. आकाशात चमकणारी वीज म्हणजे प्लाझ्मा. वेल्डिंगची ठिणगीही प्लाझ्मा, आणि ती लोखंड वितळवते. पण ट्यूबलाइटच्या आतही प्लाझ्माच असतो आणि ट्यूबलाइटला आपण हात लावू शकतो. फुलबाजीची ठिणगी लाल तापलेली असते, पण इतकी बारीक की हातावर पडली तरी सहसा भाजत नाही. तसंच ट्यूबमध्ये काही हलके कण फार तापलेले असतात आणि बाकीचा वायू थंड राहतो. यालाच थंड प्लाझ्मा म्हणतात.

१९९३ मध्ये अमेरिकेत या तत्त्वावरचं यंत्र दवाखान्यांसाठी बाजारात आलं. आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही अशी यंत्रं आहेत. हत्यारं एका पेटीत ठेवतात आणि आतली हवा काढून घेतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडतात. जखमेवर घातलं की फेस येतो, तेच हे औषध, पण पुष्कळ तीव्र. ही वाफ कानाकोपऱ्यात शिरते आणि जंतूंना मारते. नंतर विजेने तिचा प्लाझ्मा करतात. तेव्हा पेरॉक्साइडचे तुकडे होतात, ते उरलेल्या जंतूंवर तुटून पडतात, आणि शेवटी पाण्याची वाफ आणि प्राणवायू एवढंच मागे राहतं. पेटीतलं तापमान साधारण ५० अंश, म्हणजे भिंगाला धक्का नाही. वेळ सुमारे तासाभराचा. दहा तास भिजवायचं काम तासात होतं, आणि विषारी वायूही नाही.

पण या यंत्राच्या मर्यादा ऐकून ठेवा. त्यात सुती कापड चालत नाही, कागद चालत नाही, कारण ते पेरॉक्साइड शोषून घेतात. कापडाला आजही वाफच लागते. फार लांब आणि बारीक नळीच्या टोकापर्यंत वाफ पोचणं अवघड असतं. हत्यार ओलं असलं तर यंत्र मध्येच बंद पडतं. आणि हत्यारावर रक्ताचा वाळलेला थर राहिला, तर त्याच्या खाली जंतू सुखरूप राहतात.

२०१९ च्या पुरानंतर शिरोळ आणि करवीरच्या बायकांनी हेच केलं होतं. आधी घरातला गाळ खरवडून काढला, फरशी धुतली, आणि मग औषध टाकलं. गाळावर पावडर मारून घर शुद्ध होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. लाखो रुपयांच्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे. म्हणून दवाखान्यातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कधी कधी हत्यारं ब्रशने घासणारी बाई असते. तिला हातमोजे, वाहतं पाणी आणि पुरेसा वेळ मिळाला, तरच पुढचं सगळं खरं.

शास्त्रज्ञ आता पेटीशिवाय, उघड्या हवेत थंड प्लाझ्माचा झोत करून तो जखमेवर, टेबलावर, वस्तूंवर वापरून पाहत आहेत. आपल्या देशात गांधीनगरला प्लाझ्मावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. काम पुढे जाईल. पण ‘प्लाझ्मा’ हे नाव सांगून कुणी घरासाठी जंतू मारायचं यंत्र विकायला आलं, तर गटाचे पैसे त्यात घालू नका. घरात साबण, उकळलेलं पाणी आणि ऊन पुरेसं आहे.

मैत्रिणींनो, या इतिहासात एक गोष्ट सारखी दिसते. नवी पद्धत आली म्हणून जुनी गेली नाही. कापडाला वाफ, नव्या सुईला किरण, दुर्बिणीला प्लाझ्मा, आणि सगळ्यांच्या आधी धुणं.

तुमचं किंवा सुनेचं, लेकीचं ऑपरेशन ठरलं, तर सिस्टरना किंवा आशाताईंना चार प्रश्न विचारा. आज किती ऑपरेशनं आहेत? दुर्बिणी किती आहेत? दोन ऑपरेशनांच्या मध्ये दुर्बीण कशाने आणि किती वेळ निर्जंतुक करता? आणि हत्यारांच्या पाकिटावरची पट्टी दाखवाल का? ऑटोक्लेव्हच्या गठ्ठ्यावर खुणेची पट्टी चिकटवलेली असते. पुरेशी उष्णता लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. प्लाझ्माच्या पाकिटावरही रंग बदलणारी खूण असते. ती वाचायला शिक्षण लागत नाही. एवढं लक्षात ठेवा की, खूण बदललेली असली म्हणजे हत्यार यंत्रातून गेलं. ते आधी नीट धुतलं होतं का, ते वेगळं विचारावं लागतं.

एकटीला विचारायला संकोच वाटला तर गटाने मिळून जा. चांगल्या सिस्टरला असे प्रश्न आवडतात, कारण जास्त वेळ आणि जास्त दुर्बिणी मागायला तिलाही आपला आधार मिळतो.

नमस्कार.